‘अक्का, हे खरंच घडलंय काय?’ माझ्या गोष्टींबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नमस्कार. मी बेळगावातल्या शहापूरला राहते, दिवसा खडेबाजारातल्या एका साडीच्या दुकानात हिशेब बघते आणि रात्री जेवणं-भांडी आवरली की गोष्टी लिहिते. गोष्टी सगळ्या आपल्याच भागातल्या, बेळगाव, खानापूर, हुक्केरी, निपाणी इकडच्या, फक्त प्रत्येकीत एखादी अशी गोष्ट घडते जी घडू शकत नाही. त्यामुळं व्हॉट्सॲपवर मेसेज येतात, लग्नाकार्यात कोणतरी हात धरून कोपऱ्यात नेतं आणि विचारतं, आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. घाईत काहीतरी अर्धवट सांगितलं जातं आणि मग मलाच रात्रभर चुटपुट लागते, म्हणून इथं निवांत लिहून ठेवते.

ह्या गोष्टी खऱ्या आहेत काय?

जागा खऱ्या आहेत. माणसं चार-पाच जणांची मिळून एक केलेली आहेत, त्यामुळं कुणी स्वतःला शोधू नये, सापडणार नाही. आणि एक गोष्ट, फक्त एकच, अशक्य असते. बाकी सगळं तुम्ही जाऊन तपासू शकता असं मी लिहायचा प्रयत्न करते, म्हणजे कुठल्या महिन्यात कुठलं पीक उभं असतं, कुठल्या गल्लीत यंत्रमागाचा आवाज येतो, कुठल्या घाटात गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकायला लागते. हे चुकलं तर अशक्य गोष्टीवर कोण विश्वास ठेवणार? एका गोष्टीत मी तंबाखू काढायचा महिना चुकवला होता तर निपाणीकडच्या एका वाचकांनी चांगली अर्धा पान चिठ्ठी पाठवली. त्यातला मुलगा झाडासारखा हातातून पानं फुटून वाढतो ह्यावर त्यांचं काही म्हणणं नव्हतं, महिना चुकला ह्यावर होतं. मला ती चिठ्ठी फार मोलाची वाटते, अजून जपून ठेवलीय.

ह्याला जादुई वास्तववाद म्हणतात काय?

म्हणतात, आणि म्हणालात तर माझी हरकत नाही. पण हा शब्द सुरुवातीला गोष्टींसाठी नव्हताच, चित्रांसाठी होता. फ्रान्झ रोह नावाच्या जर्मन कलासमीक्षकानं १९२५ साली तो वापरला, त्या वेळच्या नव्या चित्रांबद्दल, ज्यात रोजच्याच वस्तू इतक्या स्वच्छ आणि नीट काढलेल्या असायच्या की त्या विचित्र वाटायला लागायच्या. मग १९४९ साली क्यूबाचे आलेहो कार्पेंतिएर ह्यांनी आपल्या कादंबरीच्या प्रस्तावनेत थोडी वेगळी गोष्ट मांडली, की आमच्याकडं अद्भुत मुद्दाम आणावं लागत नाही, ते इथल्या इतिहासात आणि जगण्यातच पडलेलं आहे. हे वाचलं तेव्हा मला एकदम आमचं खानापूर तालुक्यातलं नंदगड आठवलं. तिथं कित्तूरच्या राणी चन्नम्माच्या बाजूनं लढलेल्या संगोळ्ळी रायण्णाला इंग्रजांनी १८३१ साली फाशी दिलं, त्याच्या समाधीजवळ वड आहे, आणि मूल व्हावं म्हणून बायका त्या वडाला छोटे पाळणे बांधतात. लाकडाचे, कापडाचे, आता प्लास्टिकचेही. फाशी गेलेल्या माणसाच्या झाडाला पाळणे! हे मी कल्पनेनं लिहिलं असतं तर लोक म्हणाले असते जरा जास्तच झालं.

आणि आपल्याकडं हे काही नवीन नव्हे. सोमदेवानं काश्मीरमध्ये अकराव्या शतकात कथासरित्सागर लिहिला, वेताळाच्या गोष्टी त्यातही आहेत. खांद्यावरचं प्रेत बोलतं, कोडं घालतं, राजाही त्याला गंभीरपणे उत्तर देतो आणि ऐकणाऱ्या कुणालाही त्यात खटकत नाही.

मग ह्या भुताच्या गोष्टी झाल्या की.

नाही. भुताच्या गोष्टीत भीती हे काम असतं, सगळी तयारी त्या एका दचकण्यासाठी. माझ्या गोष्टीत कोणी दचकत नाही. पाण्याखालून माणूस आला तर घरातली बाई आधी विचारते, जेवलास काय. त्स्वेतान तोदोरोव ह्या अभ्यासकानं १९७० साली असं मांडलं की अद्भुत कथेत वाचक अडखळतो, हे निसर्गाच्या नियमातलं की पलीकडचं हे त्याला ठरवता येत नाही, आणि ते अडखळणं हाच त्या कथेचा जीव. वाचकाचं अडखळणं मलाही पाहिजे, पण गोष्टीतल्या माणसांचं नको. त्यांना तेवढी फुरसतच नाही, म्हशी सोडायच्या असतात, पोरांचे डबे भरायचे असतात.

धरणातल्या देवळाची गोष्ट. ते देऊळ खरंच आहे?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि हो, आहे. हुक्केरी तालुक्यात घटप्रभेवर हिडकल धरण आहे, त्याच्या पाण्यात जुन्या हुन्नूर गावचं विठ्ठलाचं देऊळ बुडालेलं आहे. पावसाळ्यात धरण भरलं की ते पाण्याखाली जातं, उन्हाळ्यात पाणी उतरलं की हळूहळू वर येतं, आधी शिखर, मग भिंती, आणि पाणी फारच कमी झालं तर अंगण. मग लोक बघायला जातात, फुलं घालतात, फोटो काढतात.

मी एकदा मे महिन्यात गेले होते. सुकलेल्या गाळाला भेगा पडून त्याच्या ताटाएवढ्या खपल्या झालेल्या, पाय ठेवला की कडेला कुरकुर आवाज आणि मधे अजून मऊ. खांबावर पाण्याच्या पातळीच्या रेघा, एकावर एक, जसं शाळेत पोरांची उंची भिंतीवर मांडतात तशा. शिंपले होते, मासे पकडायच्या जाळीचा निळा तुकडा होता, आणि एका कोपऱ्यात ताजं हळदीकुंकू. माझ्यापुढं एक म्हातारे गृहस्थ नातवाला घेऊन चालले होते. देवळापासून जरा लांब नुसता सपाट गाळ होता तिथं ते थांबले, चप्पल काढली, आणि नातवाला म्हणाले, हितं आमचा उंबरा होता. मला तिथं काहीच दिसत नव्हतं. पण त्या माणसानं पाय उचलून तो उंबरा ओलांडला, खरंच ओलांडला, सपाट जागेवर, गुडघा वाकवून. नातवानंही तसाच पाय उचलला.

घरी आल्यावर ती गोष्ट लिहिली, म्हणजे चार महिने लागले पण सुरुवात त्या पायातून झाली. गोष्टीत बुडालेल्या गावच्या पत्त्यावर अजून पत्रं येत असतात आणि एक पोस्टमन जून लागायच्या आत ती वाटून टाकतो, आणि एक वर्ष पाऊस लवकर येतो. लोक विचारतात पोस्टमन पाण्यात श्वास कसा घेतो. मी ते मुद्दाम लिहिलेलं नाही. त्याऐवजी त्याच्या सायकलची चेन कुठं निसटते, चढावर तो कशी ढकलत नेतो आणि पत्रं ओली होऊ नयेत म्हणून तो ती तेलाच्या रिकाम्या डब्यात कशी ठेवतो हे लिहिलंय. धरणानं उठलेल्या माणसांकडं कागदं असतात, नकाशे असतात, नुकसान भरपाईचे आकडे असतात, पण उंबरा ओलांडायला पाय आपोआप उचलतो हे कुठल्या कागदावर लिहायचं? मला तरी गोष्टीशिवाय दुसरी जागा सापडली नाही.

देवाधर्माची चेष्टा करता असं काहींना वाटतं.

मी सातेरी आणि रवळनाथाच्या गावातली आहे, लहानपणी देवळात कौल लावताना मूर्तीला चिकटवलेलं फूल उजवीकडनं पडतंय की डावीकडनं हे बघत श्वास रोखून उभी राहिलेली आहे. ज्याच्यासमोर श्वास रोखला त्याची चेष्टा होत नाही माझ्याकडून. एका गोष्टीत फूल पडतच नाही, चिकटून राहतं, तीन पिढ्या, आणि ते घराणं तसंच उत्तराची वाट बघत लग्नं करतं, शेतं विकतं, म्हातारं होतं. ती गोष्ट वाट बघण्याची आहे. देवाला मी त्यात एक शब्दही बोलायला लावलेला नाही.

बेळगाव-खानापूरच का? दुसरीकडं अशा गोष्टी घडत नाहीत काय?

घडत असतील, तिथल्या माणसांनी लिहाव्यात. मला इथली खडान् खडा माहिती आहे म्हणून मी इथलं लिहिते. आणि आपल्या खानापूर तालुक्याचं काय सांगू, ह्या एकाच तालुक्यात देगावच्या बाजूला म्हादई उगम पावते ती पश्चिमेला गोव्यात उतरते, तिथं तिचं नाव मांडवी होतं आणि अरबी समुद्राला मिळते. कणकुंबीला मलप्रभा उगम पावते ती पूर्वेला तोंड करून निघते, कूडलसंगमला कृष्णेला मिळते आणि ते पाणी पार बंगालच्या उपसागरात जातं. आता ह्या दोन पाणलोटांच्या मधल्या धारेवर एखादं कौलारू घर असेल तर पावसाळ्यात त्याच्या एका बाजूच्या पागोळ्या एका समुद्राच्या आणि दुसऱ्या बाजूच्या दुसऱ्या समुद्राच्या! मी त्या घरात दोन भाऊ घातले आणि घराची वाटणी आढ्याखालनं केली. त्या गोष्टीत मला अशक्य असं जवळजवळ काहीच घालावं लागलं नाही, शेवटी फक्त पागोळ्या उलट्या चढायला लागतात तेवढंच.

तिकडंच भीमगडच्या जंगलात तळेवाडीजवळ बारापेडे गुहा आहेत. तिथं जे वटवाघूळ राहतं ते इतकं दुर्मिळ की बरीच वर्षं जगात फक्त तेवढ्याच गुहांमध्ये ते माहीत होतं. २०११ साली ते जंगल अभयारण्य झालं. वटवाघळाची गोष्ट अजून जमलेली नाही, तीनदा लिहून फाडलीय. वटवाघूळ बोलायला लागलं की ते पंचतंत्र होतं आणि न बोलता त्याला गोष्टीत कसं ठेवायचं हे मला अजून कळत नाहीये.

बसच्या पाटीची गोष्ट सीमाप्रश्नावर आहे काय? कुणाच्या बाजूनं?

ती माझ्या आजीवर आहे. आजी नंदगडची. मुंबई इलाख्यात जन्मली, १९५६ साली १ नोव्हेंबरला राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा म्हैसूर राज्यात आली, १९७३ ला त्याचं नाव कर्नाटक झालं, आणि ती कर्नाटकात वारली. ह्या सगळ्या काळात तिनं चूल सुद्धा एका कोपऱ्यातनं दुसऱ्या कोपऱ्यात हलवली नव्हती.

तिला मराठी वाचता यायचं, कानडी बोलता यायचं पण वाचता यायचं नाही. बेळगावच्या स्टँडवर उभी राहिली की गाडी कशी ओळखायची हा रोजचा प्रश्न. विचारायला लाजायची. मग तिनं स्वतःची युक्ती काढली होती, ती मला फार उशिरा कळली. कानडीत खानापूर लिहा की बेळगावी लिहा, अक्षरं चारच, मोजून काही उपयोग नाही. पण नंदगडमधला अनुस्वार! आपल्याकडं तो टिंब होऊन अक्षराच्या डोक्यावर बसतो, कानडीत तो अक्षराच्या शेजारी ओळीत बसतो, चांगला गोल, शून्यासारखा. पहिलं अक्षर, मग गोल, मग बाकीचं. आजी लांबून तो गोल शोधायची. गोल दिसला की पिशवी उचलायची. एवढ्या एका गोलावर ती आयुष्यभर माहेरी गेली.

गोष्टीत एक म्हातारी स्टँडवर उभी आहे आणि गाडी येते तिच्या पाटीवर फक्त तो गोल आहे, बाकी अक्षरंच नाहीत. प्रत्येकाला त्यात आपापलं गाव दिसतं. मग सगळे चढतात, आणि कंडक्टर तिकीट फाडायला लागतो, आणि कुठलं देऊ म्हणून विचारतो. तिथनं पुढं वाचा, सांगत नाही.

आता बाजू. सीमाप्रश्न २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, त्यावर बोलणारी, लढणारी, लाठ्या खाल्लेली माणसं आमच्याच गल्लीत राहतात आणि माझं मन कुणीकडं आहे हे माझी भाषा बघून कळतंच, लपवायचं काय त्यात. पण गोष्टीत मी घोषणा देत नाही कारण आजीनं कधी दिली नव्हती. आणि त्या गाडीचा कंडक्टर कानडी बोलणारा आहे आणि तोच म्हातारीला हात देऊन वर घेतो, हे बदला असं मला दोघा-तिघांनी सुचवलं. नाही बदललं. आजीला हात देणारा एक कंडक्टर खरंच होता, तिनं त्याचं नाव कधी विचारलं नाही पण दिवाळीला त्याच्यासाठी चार चकल्या पुडीत बांधून न्यायची.

तुमच्यावर जी.ए. कुलकर्णींचा परिणाम आहे काय?

बेळगावात मराठीत लिहायला बसलेल्या कुणालाही हा प्रश्न चुकत नाही आणि चुकू नयेही. जी.ए. १९२३ साली इथंच जन्मले, पुढं धारवाडला कॉलेजात इंग्रजी शिकवत राहिले आणि कानडी गावात बसून मराठी कथा कुठल्या कुठं नेऊन ठेवली. १९७३ साली साहित्य अकादमी मिळालं ते परत करून टाकलं. माझ्यासाठी ते फार मोठे आहेत, कॉलेजात असताना त्यांचं वाचून मी आठवडाभर कुणाशी धड बोलले नव्हते. पण परिणाम म्हणाल तर उलटा झालाय. त्यांच्या नंतरच्या बऱ्याच कथांमध्ये गावाला नाव नसतं, प्रवासी असतो, वाळवंट असतं, शहर असतं पण कुठलं ते सांगत नाहीत, आणि ते त्यांना जमतं कारण ते नियतीबद्दल बोलत असतात. मला तेवढं उंच जाता येत नाही. मला गावाचं नाव, गल्ली, दुकान, दुकानाच्या पायरीवर बसलेली मांजर एवढं सगळं लागतं, मग त्यातली एक पायरी हवेत तरंगली तर चालते.

भाषा अशी का? पुण्या-मुंबईच्या वाचकांना कळत नाही.

कळतं हो. पहिल्या पानावर अडतं, मग सवय होते. माझी माणसं ‘काय करुलालीस गं’ म्हणतात, ‘काय करते आहेस’ म्हणत नाहीत, आणि आमच्या बोलण्यात कानडी शब्द पाण्यात मीठ विरघळावं तसे असतात, वेगळे काढून दाखवता येत नाहीत. एका अंकाच्या संपादकांनी माझी एक गोष्ट घेतली आणि न विचारता संवाद सगळे शुद्ध करून छापले. वाईट हेतू नव्हता त्यांचा, पण छापील अंक हातात घेतल्यावर मला रडू आलं, कारण गोष्टीतली म्हातारी अचानक बातम्या दिल्यासारखी बोलत होती. आणि गंमत बघा, त्याबरोबर अद्भुत भागही पडला. आपल्या बोलीत बोलणारी बाई म्हणाली की विहिरीतला चंद्र कळशीत आला तर आपण मानतो. तीच पुस्तकी बोलायला लागली की ते खोटं वाटतं. त्यानंतर मी प्रत्येक गोष्टीबरोबर चिठ्ठी जोडते, निवेदनात ऱ्हस्वदीर्घ सुधारा, संवादाला हात लावू नका.

शेवट कळला नाही.

पुन्हा एकदा वाचा, ह्या वेळी सावकाश. तरी नाही कळला तर चूक माझी असू शकते. पण ‘आणि मग त्याला जाग आली’ असा शेवट माझ्याकडून मिळणार नाही. एका ठिकाणी मला तसा बदल करून मागितला होता, म्हणजे गोष्ट छापू पण ते सगळं स्वप्न होतं असं करा. गोष्ट परत घेतली. वाचकानं दहा पानं ज्याच्यावर विश्वास ठेवला ते शेवटच्या ओळीत काढून घ्यायचं ही फसवणूक आहे.

मांड्याची गोष्ट कशी सुचली?

वाक्प्रचारातनं. बाकी महाराष्ट्रात मनात मांडे खाणं म्हणजे नुसती हवेतली कल्पना, बऱ्याच जणांनी मांडा बघितलेलाही नसतो. आमच्या बेळगावात मांडे खरे असतात, लग्नात लागतात, करणाऱ्यांकडं आधी ऑर्डर द्यायला लागते. लहानपणी मी एका मांडे करणाऱ्या बाईंच्या चुलीशी तासन् तास बसायचे. पीठ चांगलं मळून मुरवलेलं, त्याचा गोळा, आत पिठीसाखरेचं सारण, लाटून झालं की ती पोळी त्या दोन्ही हातांवर घ्यायच्या आणि फिरवत फिरवत मोठी करायच्या, कोपरापर्यंत यायची, इतकी पातळ की पलीकडचा जाळ तांबडा दिसायचा तिच्यातनं. मग चुलीवर उपडं घातलेल्या भांड्यावर ती अलगद टाकायची. आणि खरी कसब पुढं, मांडा गरम आहे तोवरच घडी घालायची, एक क्षण उशीर झाला की तो कडक होऊन मोडतो. त्यांच्या बोटांची टोकं गुळगुळीत झाली होती. मी विचारलं भाजत नाही काय, तर म्हणाल्या भाजतंय की, पण घडी चुकली तर जास्त भाजतंय.

गोष्टीत तो मांडा हातावर मोठा होत राहतो आणि थांबत नाही, खिडकीतनं बाहेर जातो, गल्ली झाकतो, खाली सगळ्यांना तांबूस उजेड पडतो आणि त्या बाई घडी कुठं घालायची ते शोधत चालत राहतात. मी जी काही गोष्ट लिहायला शिकले ती त्या चुलीशी शिकले असं मला मनापासून वाटतं. पोळी कितीही पसरू दे, खाली भांडं तापलेलं पाहिजे, आणि घडी वेळेत घालता आली पाहिजे.

मुलांना वाचायला द्याव्या काय?

दहा-बारा वर्षांच्या पुढं खुशाल द्या. त्यांना मोठ्यांपेक्षा लवकर कळतात. बसची गोष्ट एका सहावीतल्या मुलीनं वाचली आणि मला तिच्या गोलात कुठलं गाव दिसलं ते चित्र काढून पाठवलं.

मलाही असं लिहायचंय. सुरुवात कशी करू?

आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना बोलतं करा आणि मोबाईल बाजूला ठेवा, रेकॉर्डिंग लावलं की ती सभेत बोलल्यासारखी बोलतात. मग गोष्टीत एकच अशक्य गोष्ट घ्या. दोन घेतल्या की त्या एकमेकींना खातात, हे माझं चुकून चुकून झालेलं मत आहे. ती अशक्य गोष्ट शक्यतो पहिल्या पानावरच येऊ द्या, शेवटी काढून दाखवायला ती काही लॉटरी नव्हे. तिचं कारण सांगत बसू नका, परिणाम सांगा. माणूस उडायला लागला तर का उडतो ते सोडा, त्याचे कपडे कुठं वाळत घालतात, त्याला ताट कुठं वाढतात, बायको त्याला रागानं काय बोलते ते लिहा. आणि लिहिलेलं मोठ्यानं वाचा, घरात कुणाला तरी ऐकवा. माझी सासू ऐकता ऐकता झोपली की मी तिथं पेन्सिलनं खूण करते, दुसऱ्या दिवशी तो भाग बघते, आणि तो बहुतेक वेळा खरंच सैल असतो.

आणि कडोली, येळ्ळूर, उचगाव अशा गावांत साहित्य संमेलनं भरतात तिथं जा. गावच्या संमेलनात मांडवात बसलेली माणसं शेतातनं आलेली असतात, कंटाळली की उठून जातात, आवडलं की शेवटपर्यंत बसतात आणि मग चहाच्या रांगेत तुम्हाला अगदी नेमका प्रश्न विचारतात.

पुस्तक कधी? कादंबरी?

पुस्तकाचं चाललंय, अकरा गोष्टी झाल्या, बारावी वटवाघळाची अडलीय. कादंबरी नाही. अशक्य गोष्ट वीस पानं जीव धरते, दोनशे पानं धरून ठेवायला मला येत नाही.

तोपर्यंत कुठं वाचायला मिळतील?

दिवाळी अंकांत. १९०९ साली ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक निघाला तेव्हापासून मराठी कथेचं हेच घर आहे. आपल्या गावच्या वाचनालयात अंक येतात, तिथं बसून वाचा, मागून घ्या, आणि अंक विकत घेणं जमत असेल तर घ्या कारण तो चालू राहिला तरच आमच्यासारख्यांचं लिहिणं चालू राहतं.

कानडीत भाषांतर केलं तर चालेल काय?

चालेल, आणि मला त्याचा फार आनंद होईल. फक्त आधी कळवा आणि कच्चं झालं की एकदा मला वाचून दाखवा, वाचता येत नसलं तरी ऐकून मला सगळं कळतं.

खरं तर एक भाषांतर आधीच झालेलं आहे. आमच्या शेजारी विणकराचं घर आहे, तिथल्या अक्का कानडी बोलणाऱ्या. एका संध्याकाळी लाईट गेली, माग बंद पडले, आम्ही दोघी पायरीवर बसलो होतो तेव्हा मी त्यांना मांड्याची गोष्ट सांगितली, निम्मी मराठीत निम्मी कानडीत. पुढं दोन-तीन महिन्यांनी त्यांची नात माझ्याकडं आली आणि मलाच गोष्ट सांगायला लागली. तिच्या गोष्टीत मांडा नव्हता. मागावरचं लुगडं होतं, धोटा इकडनं तिकडं पळतोय आणि लुगडं संपत नाहीये, गल्लीतनं बाहेर गेलं, कपिलेश्वराच्या तळ्यावरनं गेलं, किल्ल्याच्या खंदकापर्यंत पोचलं, आणि तिची अज्जी पदर कुठं विणायचा ते विचारत त्याच्यामागनं चाललीय. माझ्या गोष्टीत नसलेला एक मुलगाही त्यात होता, तो लुगड्यावरनं सायकल चालवत होता. मी विचारलं, मग पदर विणला काय? ती म्हणाली, ‘नाळे हेळतीनि’, म्हणजे उद्या सांगते, आणि पळाली.